अब्रारभाईंनी उघडलेले डोळे

कशेळ्याच्या नाक्यावर जीपमधून उतरून कुणी विचारलं, "ते डोळेवाले कुठं बसतात?" तर पानटपरीवाला मान वर न करता फोटो स्टुडिओकडे बोट करतो. विचारणाऱ्यांतले निम्मे चष्मा करायला आलेले असतात. अब्रारभाई त्यांच्यावर रागावत नाहीत. खुर्ची देतात, पाणी देतात आणि सांगतात, "बाबा, तुझे डोळे उघडे आहेत. माझं गिऱ्हाईक मिटलेल्या डोळ्यांचं."

चष्मेवाला पाणी अर्धं टाकून उठतो.

वर डोंगरातल्या वाड्यांवर माणूस अख्खा जन्म काढायचा आणि फोटो तेवढा काढायचा राहून जायचा. तो गेल्यावर घरच्यांच्या लक्षात यायचं, की भिंतीवर लावायला काहीच नाही. मग कुणीतरी धापा टाकत खाली यायचं, अब्रारभाई गळ्यात कॅमेरा घालून वर जायचे. गेलेल्याला घोंगडीवर टेकवून बसवलेलं असायचं. त्याचा पहिला फोटो तो असा काढून घ्यायचा, आणि एरवी फोटोत हलणारी माणसं असतात तसा मुळीच हलायचा नाही. पुढचं काम स्टुडिओत. मिटल्या पापणीवर आधी पांढरा रंग, मग बुबुळ, मग टाचणीच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका. ठिपका पडला की माणूस बघायला लागायचा.

अब्रारभाईंच्या पत्नीला, तय्यबाभाभींना, हे काम कधीच पटलं नाही. "डोळे देणं वरच्याचं काम आहे," असं त्या म्हणतात. "दिलेले त्यानंच. मी फक्त उघडतो," असं अब्रारभाई म्हणतात. लग्न झाल्यापासून हा वाद चालू आहे आणि दोघांपैकी कुणालाही तो संपवायची घाई नाही.

आता मोबाइल आले. आजोबांचे ढीगभर फोटो नातवाच्या फोनमध्ये असतात, आणि त्यातल्या निम्म्यांत आजोबांना कुत्र्याचे कान लावलेले असतात. "चाचा, कान तेवढे काढून द्या," म्हणून लोक येतात. डोळ्यांचं काम क्वचितच निघतं. अब्रारभाईंची मुलगी मिस्बाह कर्जतला कॉलेजात जाते, ती कॉम्प्युटरवर कुणाचेही डोळे कुणालाही लावून देते. एकदा तिनं तसा एक फोटो करून दिला, तर घरचे दुसऱ्या दिवशी तो परत घेऊन आले. म्हणाले, "बाबा आमचा हाय, पन बघतोय दुसराच कोनतरी."

कारण अब्रारभाईंची एक पद्धत होती, ती कॉम्प्युटरात नव्हती. डोळे उघडण्याआधी ते घरच्यांना एकच प्रश्न विचारायचे: "हा कुणाकडे बघायचा?" ज्याचं नाव निघेल त्याला टेबलासमोरच्या खुर्चीत बसवायचं, आणि त्याच्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं. त्यांचं म्हणणं असं, की उघडलेल्या डोळ्यांना समोर कुणीतरी लागतं. समोर कुणी नसलं तर ते शोधायला लागतात.

चांगो पाटलांच्या वेळी हा प्रश्न विचारल्यावर त्यांच्या बायकोनं, गौराबाईनं, पदर कमरेला खोचला. "माज्याकडं कदी बघितलान् त्यानं? म्हशीकडं बघायचा!" अब्रारभाई कामाच्या बाबतीत चोख. त्यांनी म्हैस आणवली, स्टुडिओच्या दारात बांधली आणि तिच्याकडे बघत काम केलं. फोटोत चांगो पाटलांच्या नजरेत अशी माया उतरली, की गौराबाईनं तो घरात लावलाच नाही. गोठ्यात लावला.

तर असा हा माणूस. आता गेल्या डिसेंबरात काय झालं ते.

कुंभिवलीची हर्षला म्हणून एक मुलगी आहे. साजगावच्या पुढे एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. तिथले म्हातारे जपानी साहेब मायदेशी परत गेले, जाताना त्यांनी तिला एक चित्र दिलं. लाकडावर कोरून, रंग लावून कागदावर छापलेलं. फ्रेम कुठंतरी पडली, काच फुटली, कोपऱ्याला ओल लागली. कुणीतरी तिला अब्रारभाईंचं नाव सांगितलं. हर्षलानं स्कूटी बंदसुद्धा न करता चित्र त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, "काच नवी बसवा चाचा, आणि खराब झालंय तेवढं नीट करा. पुढच्या आठवड्यात येते." आणि गेली.

संध्याकाळच्या चहाला आम्ही नेहमीचे लोक जमलो तेव्हा चित्र टेबलावर होतं. एक मोठं लाकडी फाटक, बंद. फाटकासमोर बुटक्या चौरंगावर एक शिपाई बसलेला, अंगात चिलखत. सगळीकडे पांढरं. फाटकावर पांढरं, झाडावर पांढरं, शिपायाच्या खांद्यावर आणि मांडीवर ओंजळ ओंजळ पांढरं. त्याच्यापुढे दुसऱ्या रंगाचे कपडे घातलेला एक माणूस वाकलेला, एक हात पुढे. आणि मागे लांब, एका रांगेत, पुष्कळ माणसं उभी. एकही पुढे येत नाही.

आमच्यापैकी कुणी आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता, फार तर माशाच्या पेटीतला. चहावाला विठू म्हणाला, "चुना सांडलाय." कुणी म्हणालं, कापसाचा कारखाना. पुढचा माणूस न्हावी आहे यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. दाढी चाललीय आणि मागे नंबर लागलेत.

"न्हावी नाही," अब्रारभाई भिंग लावून म्हणाले, "वस्तरा कुठाय?" मग त्यांनी भिंग शिपायाच्या तोंडावर आणलं. "ह्याचे डोळे मिटलेत."

भाताच्या कुसळाहून बारीक अशा त्या दोन रेघा होत्या. दुसऱ्या कुणी त्या पाहिल्या असत्या आणि सोडून दिल्या असत्या. पण अब्रारभाईंच्या स्टुडिओत मिटलेल्या डोळ्यांचं माणूस येतं ते एकाच कामासाठी, आणि 'खराब झालंय तेवढं नीट करा' याचा त्यांच्या धंद्यात दुसरा अर्थ होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोपऱ्याची ओल काढली, काच कापली, आणि त्याच ओघात शिपायाचे डोळे उघडले. पांढरा, बुबुळ, ठिपका.

समोरची खुर्ची रिकामी होती.

त्या दिवसापासून स्टुडिओत कुणी जाईना.

कुणी भांडलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. लोक यायचे आणि उंबऱ्याशी थांबायचे. "चाचा, पासपोर्टचे फोटो झाले?" "झाले, आत ये ना." "नको, हितंच बरा हाय." विठू रोज आत जाऊन टेबलावर चहा ठेवायचा, तो आता बाहेरूनच हात लांब करून पेला द्यायला लागला. दुकानातलं मांजर कशेळ्यात आळशी म्हणून प्रसिद्ध, ते रस्ता ओलांडून रिक्षाच्या सीटवर झोपायला गेलं. मी स्वतः एकदा चांगला निर्धार करून गेलो, चपला काढायला वाकलो, आणि वाकल्यावर मला घरी एक फार महत्त्वाचं काम असल्याचं आठवलं. घरी पोचेपर्यंत ते काम कोणतं हे काही मला आठवलं नाही.

आत एकटे अब्रारभाई, भर दुपारी मफलर गुंडाळून. दारातून उन्हाची तिरीप यायची ती उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. समोरच्या फळीवर ते चित्र. बाहेरून बघितलं तर फाटक, झाड, रांग यांपैकी काही नीट दिसायचं नाही, फक्त ते दोन ठिपके दिसायचे. बघणाऱ्याला वाटायचं, की हा माझ्याकडे बघत नाहीये, माझ्या खांद्यावरून मागे कुणी येतंय का ते बघतोय. मग आपण मागे वळून बघायचं. मागे नाका, जीपगाड्या, भाजीवाल्या. तरी मानेवर थंड काहीतरी फिरायचं.

अब्रारभाईंनी चित्रावर फडकं टाकलं. काही फरक पडला नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तरी कुणी आत येईना. शेवटी एका संध्याकाळी ते चित्र घरी घेऊन गेले, तर कॉलेजातून आलेली मिस्बाह उघड्या दारात उभी राहून बेल वाजवायला लागली.

"दार उघडंच आहे की गं!" तय्यबाभाभी आतून ओरडल्या.

"माहितीय अम्मी," मिस्बाह म्हणाली. "पण आत येऊ का?"

स्वतःच्या घरात येताना मुलीनं परवानगी मागितली, तेव्हा भाभींनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "कुणाचे उघडलेत?" आणि त्यांना जेवणाआधी ते चित्र दुकानात परत ठेवायला लावलं.

त्याच दिवसांत कोंडी वाडीवरून खाली आली. तिचा नवरा धाऊ नुकताच गेला होता. रस्त्यालगतच्या एका फार्महाउसच्या फाटकावर तो वॉचमन होता. आम्ही सगळे त्याला ओळखायचो, म्हणजे त्याची टोपी आणि काठी ओळखायचो. त्याचाही फोटो कधी निघालेला नव्हता. गेल्यावर भाच्यानं मोबाइलवर काढला तेवढा. दिवसकार्याला फोटो हवा होता.

अब्रारभाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं. ते आत, ती उंबऱ्याबाहेर. "धाऊ कुणाकडे बघायचा, कोंडी?"

"फाटकाकडं," कोंडी म्हणाली. "ड्युटीवर फाटकाकडं, घरी आला तरी दाराकडं. भाकर खातानी पन. मी तोंडापुडं बसलेली, आन् हा आपला दाराकडं. पाळी बदलायला येनारा रिलीव्हर कदी टायमावर येयाचा नाय ना त्येचा. दोन दोन पाळ्या करायचा. तीच सवय लागली." मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "चाचा, आता तरी त्येला माज्याकडं बघू दे. तेवढंच कर."

"करतो की," अब्रारभाई म्हणाले. "तू आत येऊन खुर्चीत बस."

कोंडीनं पाय उचलला. तो उंबऱ्यावर अधांतरी राहिला आणि परत खाली आला. तिनं पुन्हा उचलला. डोंगर उतरून आलेले पाय ते, दुकानाचा उंबरा त्यांना होईना. "काय झाला माज्या पायाला?" ती म्हणाली आणि हसली, पण कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी अब्रारभाईंनी टेबल-खुर्ची रस्त्यावर आणली. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. कोंडी समोर बसली, आम्ही भोवती कोंडाळं केलं, पाठीमागे जीपवाले हॉर्न मारताहेत. फोटोत धाऊ मिटल्या डोळ्यांनी शांत. अब्रारभाईंनी पांढरा लावला. कोंडीकडे बघत बुबुळ रंगवलं. मागे सरून बघितलं आणि ओल्या कापसानं झटकन पुसून टाकलं. पुन्हा रंगवलं. पुन्हा पुसलं. आम्ही वाकून बघितलं, तर बुबुळ कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. धाऊ कोंडीच्या खांद्यावरून स्टुडिओच्या दाराकडे बघत होता.

"माझा हात तिकडे जात नाहीये," अब्रारभाई हलक्या आवाजात म्हणाले. "मी सरळ काढतोय. तेच सरकतंय."

कोंडीला कुणी काही सांगितलं नाही. तिनं आमच्या तोंडाकडे बघितलं. "हितंबी तिकडंच का?" एवढंच ती म्हणाली.

नेमकी तेव्हाच हर्षलाची स्कूटी आली. ती गर्दीतून वाट काढत तरातरा दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. तिथूनच तिला फळीवरचं चित्र दिसलं, आणि तिच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं.

"चाचा... डोळे?"

"नीट केले," अब्रारभाई म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"अहो, मिटलेलेच होते ते! त्या मिटलेल्या डोळ्यांचंच चित्र आहे!" ती रडकुंडीला आली होती. मग तिनं तिथंच उंबऱ्याशी उभं राहून साहेबांनी तिला सांगितलेली हकिगत सांगितली. जुन्या लढायांच्या काळात तिकडच्या कुठल्याशा गढीतली माणसं मागच्या वाटेनं निसटली, आणि फाटकावर हा एकटा राहिला. 'तुझ्या जागी माणूस पाठवतो' असं त्याला सांगितलं होतं. माणूस आलाच नाही. बर्फ पडत राहिला, हा बसल्या बसल्या गोठून गेला, डोळे मात्र उघडे. शत्रूची फौज आली, तिनं याला बघितलं, आणि पुढे यायची कुणाची छाती होईना. कितीतरी दिवस सगळी फौज लांब रांगेत उभी. शेवटी त्यांच्यातलाच एक जण जवळ गेला. त्याला कळलं, की हा कधीच गेलाय. त्यानं हात पुढे केला आणि त्याचे डोळे मिटले. "हा वाकलेला माणूस तोच आहे," हर्षला म्हणाली. "मगच तो सुटला, असं साहेब म्हणायचे."

आम्ही ज्याला न्हावी ठरवलं होतं, त्याच्याकडे आता कुणी बघेना. अब्रारभाईंनी गळ्यातला मफलर काढून हातात घेतला. "म्हणजे सुटलेल्या माणसाला मी परत ड्युटीवर बसवला," ते म्हणाले. "मिटायला हवेत. पण मी आजवर उघडलेत फक्त. मिटले कधीच नाहीत. माझा हात जाणार नाही त्याला."

कोंडी हे सगळं ऐकत होती. ती हर्षलाला म्हणाली, "म्हंजी वाचमन हाय तो."

"हो... तसंच म्हणायचं."

"आन् रिलीव्हर नाय आला."

"नाही आला."

कोंडी खुर्चीतून उठली. उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली, आणि आत वाकून, लांबच्या माणसाला हाक मारतात तशी मोठ्यानं ओरडली, "ए बाबा! रिलीव्हर आला! ऊठ आता!"

नाक्यावर तेव्हा नेहमीचा गोंगाट असणारच, पण मला तो आठवत नाही. मला आठवतो तो कोंडीचा पाय. तो उचलला गेला आणि आत पडला. मग दुसरा.

ती सरळ फळीपाशी गेली. अब्रारभाई धडपडत मागोमाग आले, काच उतरवली. "सांभाळून हं, खालचा रंग पण येईल," असं काहीतरी ते पुटपुटत होते. कोंडीनं अंगठा जिभेला लावला, आणि आठवड्यामागे घरात जसे कुणाचे मिटले असतील तसे, वरून खाली, हळूच, त्या शिपायाचे डोळे पुसून घेतले. अब्रारभाईंचा रंग तेवढा निघाला. खालच्या दोन बारीक रेघा जशाच्या तशा होत्या.

तिनं अंगठा पदराला पुसला. "गार हाय," ती म्हणाली. "किती गार रं बाबा तुजे डोळे."

मग ती खुर्ची आत ओढून तिच्यात बसली. "हां चाचा. आता काढ."

त्या वेळी अब्रारभाईंचं टेबल बाहेर होतं, रंग बाहेर होते, आणि आम्ही सगळे ते उचलून आत नेत होतो हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. विठूनं चहाचा पेला टेबलावर नेऊन ठेवला आणि ठेवल्यावर दचकला. हर्षला चित्र छातीशी धरून गेली. काचेचं बिल द्यायची तिला शुद्ध नव्हती आणि मागायची अब्रारभाईंना नव्हती.

बुबुळ सरळ आलं. ठिपका पडला. धाऊ कोंडीकडे बघत होता. चांगला सरळ, तोंडासमोर, भाकर विसरून बघावं तसा. कोंडी बराच वेळ फोटो हातात घेऊन बसली. मग तिनं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि लाजली. त्या वयात, सगळ्या नाक्यादेखत.

इथं मी हे थांबवलं असतं. पण पौषात अब्रारभाई मला म्हणाले, "वर जाऊन येऊ या. मला जरा बघायचंय." काय, ते त्यांनी सांगितलं नाही. खिशात त्यांनी ओल्या कापसाची डबी घेतलेली मी बघितली.

कोंडी घरी नव्हती. दार नुसतं लोटलेलं. अब्रारभाईंनी ते ढकललं, आणि आम्ही दोघंही तिथंच थांबलो. समोरच्या कुडावर धाऊचा फोटो होता. धाऊ दाराकडे बघत होता. आमच्याकडे नाही. आमच्या मागे, पायवाटेकडे.

"मी सरळ काढले होते," अब्रारभाई म्हणाले. "तू होतास ना? सरळच होते."

आम्ही पडवीत बसलो. ऊन असूनही मी हात काखेत घेतले. थोड्या वेळानं कोंडी लाकडांची मोळी घेऊन आली, ती उतरवली, "आवो, बसा, पानी देते," म्हणत आत शिरली. तिच्या मागोमाग अब्रारभाई दारापर्यंत गेले आणि मला खूण केली. मी बघितलं. कोंडी चुलीपाशी खाली वाकली होती आणि धाऊ तिच्याकडे बघत होता. ती हंड्याकडे सरकली. मी मान फिरवली. मला आणखी बघायचं नव्हतं.

"कोंडी," अब्रारभाई म्हणाले, "तू बाहेर गेलीस की हा..."

"दाराकडं बघतो," ती पाण्याचा तांब्या पुढे करत सहज म्हणाली. "म्हाईत हाय मला. मी येय्‌पर्यंत. यायला येळ झाला तर डोळे लालसर व्हतात."

"घाबरत नाहीस?"

"पयल्यांदी घाबरली." ती उंबऱ्यावर टेकली. "पोरगी कर्जतास दिलेली हाय. म्हनते, आये, चार दिस ये. कशी जाऊ? लाकडाला गेली तरी धावत येते मी. हा बसलेला ना." ती फोटोकडे बघून बारीक हसली. ते हसणं सुखाचं होतं की कसलं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

अब्रारभाईंनी डबी खिशातून काढली. झाकण उघडलं. "मिटू का? ह्या वेळेला माझा हात जाईल, कोंडी. मिटतो. तो सुटेल, तू पण सुटशील. लेकीकडे जा."

कोंडीनं डबीकडे बघितलं, मग धाऊकडे. ती उठली आणि फोटोसमोर आडवी जाऊन, त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"नाय चाचा," ती म्हणाली. "आत्ता कुटं बघाय लागलाय."